रुंदी भागिले लांबी

लिव्हिंग्स्टनला नोव्हेंबरात चारच्या आतच अंधारतं.
पार्किंगमधले दिवे लागतात, आणि खिडकीच्या काचेत
माझ्या स्क्रीनवरचा अँप्लिफायर उलटा दिसू लागतो.
रुअरी खुर्ची ओढून विचारतो,
"लांबी किती घेऊ? शून्य पूर्णांक अठरा?"

चोवीस वर्षांचा आहे.
सगळ्यात लहान तेच सगळ्यात चांगलं, असं त्याला वाटतं.
मलाही वाटायचं.

मी ड्रॉवर उघडते. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात
त्या वर्षीच्या अकरा चिप आहेत,
चाळिसांतल्या अकरा. श्रवणयंत्रासाठी केल्या होत्या.
बाथगेटच्या एका निवृत्त बसचालकाने लावून पाहिली
आणि आठवड्याने परत आणून दिली :
बायको बोलते तेव्हा तिच्यामागे
कुणीतरी सतत मासे तळत असतं.

सिम्युलेशनमध्ये तळण नव्हतं.
तिथे दोघे ट्रान्झिस्टर जुळे होते,
एकाला जेवढं तेवढंच दुसऱ्याला.
सिलिकॉनवर उतरले आणि भावकी सुरू झाली.
जागा मी वाचवली होती.
केसाच्या जाडीत चारशे मावतील
इतक्या आखूड लांबीचे घेतले होते, आणि
मीटिंगमध्ये टाळ्याही मिळाल्या होत्या.

माझे वडील मिरजेला शाळेचे गणवेश शिवत.
मापापेक्षा दीड बोट कापड शिवणीच्या आत दुमडून ठेवत.
त्याला माया म्हणतात.
जूनमध्ये तेच पोर पुन्हा दुकानात उभं राही,
वडील शिवण उसवत, आणि आतून
न विटलेल्या निळ्या रंगाचा पट्टा बाहेर येई.
माया ठेवली नाही, तर कापड शिवणीवर फाटत नाही,
शिवणीच्या शेजारी फाटतं,
असं ते म्हणत. तिथे रफूही धरत नाही.

रुअरीला हे सांगायला शब्द सापडत नाही.
मार्जिन म्हटलं,
तर तो विचारतो, किती टक्के?

मग मी हिशेबच सांगते.
दोघांतला फरक निम्मा हवा असेल
तर जागा चौपट द्यावी लागते.
स्वस्तात जुळत नाही कुणाचंच.
एकाचे दोन तुकडे कर, दुसऱ्याचे दोन,
आणि मांड : अ, ब, ब, अ.
जमिनीला उतार असतोच, तो दोघांत वाटून जाऊ दे.
आणि टोकांना डमी ठेव,
ज्यांच्यातून वीज कधीच वाहणार नाही असे.

हे मला इशबेल गेडीसने शिकवलं,
जी आधी पिवळ्या फिल्मवर सुरीने नकाशे कापायची.
कडेच्याला शेजारी दे, ती म्हणाली,
एकटा राहिला की वेगळा घडतो.
त्याच आठवड्यात तिने मला
तिच्या गल्लीत रिकामं झालेलं घर दाखवलं.

"मग लांबी दहा घेऊ?" रुअरी.
नको रे. माया फार झाली तरी
चालताना मांडीला टोचते.
मोठा ट्रान्झिस्टर जड असतो, हाक मारली की उशिरा वळतो,
बॅटरी खातो.
किती, हे कुठल्या तक्त्यात नाही.
गिऱ्हाईक कोण, कुठे राहणार,
थंडीत किती, तापात किती,
कारखान्यातला त्या दिवशीचा वार कसला,
हे सगळं धरून
एक आकडा लिहायचा, आणि मग त्याची भीती बाळगायची.

तो रुंदी चाळीस लिहितो. लांबी दोन.
क्षेत्रफळाचा रकाना लगेच लाल होतो.
सोमवारी यावर बोलणी खावी लागतील.
रात्रभर मशीन हजार वेळा हीच चिप बनवून पाहील,
दर वेळी थोडी वाकडी.

बसथांब्यावर वारा आडवा येतो.
रुअरी आपल्या कोटाची बाही उलटून
दिव्याखाली धरतो.
"यात आहे का ती, तुझी ती?"
मी शिवण चाचपते. धाग्याला लागूनच कापलंय.
"नाही. पण हा दोनच हिवाळे चालायचा आहे."