साडेआठचा उजेड

भिंतीवर दोन चौकोन. ताटाएवढे.
डावा ४१७, उजवा ४१९.
४१८ कुठं गेला, दुकानदारालाही सांगता येईना.

कार्डावरची नावं वाचून पाहिली:
डेझर्ट मिल्क, ओट हनी.
वाळवंट आहे, ओट्स आहेत,
ज्वारी कुठंच नाही. मग मीच बारसं केलं.
डावा कडबा. उजवा भाकरी,
तव्यावर टाकून पाणी फिरवलेली, अजून न उलटलेली.

"मेरेकू तो दोनो एकच दिखते, बाई,"
मुनीरभाई ब्रश झटकत म्हणाले.
लेकीला व्हिडिओवर दाखवलं तर
"मम्मी, सगळा पांढराच तर आहे."
शेजारच्या कौतिकबाई: "चुना मारा की, थंड राहतं."

सत्तावीस वर्षं सरकारी क्वार्टर.
सेनगाव, वसमत, मग इथं हिंगोलीला.
भिंती पिवळ्या मिळाल्या, पिवळ्याच परत केल्या.
खिळा ठोकायचा तरी अर्ज.
वॉर्डात चादरी हिरव्या, पडदे हिरवे,
मला कुणी विचारलं नाही, मीही कुणाला.
आता तीन दिवस एक माणूस शिडीवर बसून
विचारतोय, कोणता?
आणि मला घाम फुटलाय,
तान्ह्या बाळाची शीर सापडत नसल्यासारखा.

दुपारी दोन्ही नुसते पीठ.
ट्यूबलाइटखाली कडबा हिरवट, भाकरी आजारी.
लाईट गेली की भांडण मिटतं.

"तुम्ही भिंत बघता कधी?"
रात्रपाळीवरून येते तेव्हा, मी म्हटलं.
चपला काढते, चहा नको वाटतो, आडवी होते.
"मंजे साडेआठ."
"साडेआठ."

दुसऱ्या दिवशी मी आले तर ते आधीच पायरीवर.
युनिफॉर्मवरच खोलीत गेले.
समोरच्या गिरणीच्या पत्र्यावरून ऊन आत सांडलेलं.
डावा चौकोन मला जागं राहायला सांगत होता.
उजवा काहीच म्हणत नव्हता.

"भाकरी."
"चारसौ उन्नीस?"
"हो."
"कडबा का नको?"
माझ्याकडे कारण नव्हतं.
त्यांनी वहीत आकडा लिहिला, किती लिटर ते लिहिलं.
कारणाला रकाना नव्हताच.

संध्याकाळी कडब्याची उरलेली डबी
मी सिंकखाली ठेवली, झाकण ठोकून.
कशाला, काय की.