साडेएकोणीस

नारीनमध्ये जानेवारी. बाहेर उणे तेवीस,
आत, बुरुलकानबाईंच्या टेबलावर, साडेचौदा.
मी तिपाईवर काळा गोळा टांगला, पोटात तापमापक असलेला,
आणि थांबले.
खोलीशी ओळख करून घ्यायला
त्याला वीस मिनिटं लागतात.

तेवढ्यात प्रकाशमापक घेऊन फिरले.
खिडकीशी सहाशे दहा लक्स.
शब्दकोशांच्या कपाटापाशी एकशे चाळीस.
आणि त्या कोपऱ्यात, जिथली ट्यूब
धड पेटत नाही, धड मरत नाही,
अठ्ठ्याऐंशी.
वाचायला तीनशे तरी हवेत, असं नियम सांगतो.

सगळे त्याच कोपऱ्यात.
झामानकुल म्हातारे, टोपी न काढता,
नाकाला टेकेल इतकं जवळ धरलेलं
घोड्यांच्या आजारांवरचं पुस्तक.
दोन शाळकरी पोरी एका खुर्चीत.
उजेडातल्या तीन खुर्च्या रिकाम्या,
न येणाऱ्या पाहुण्यांसाठी मांडल्यासारख्या.

प्रश्नावली वाटली. उणे तीन म्हणजे कडाक्याची थंडी,
अधिक तीन म्हणजे उकाडा.
सगळ्यांनी शून्यावर खूण केली.
बुरुलकानबाईंनीसुद्धा: हातमोजा काढला,
शून्य, सही,
हातमोजा घातला.

बाई, तुमच्या तोंडातून वाफ निघतेय, मी म्हटलं.
त्या म्हणाल्या, खालच्या गावात लोकांनी खरं लिहिलं होतं.
'थंड' लिहिलं की शेगडी येत नाही, पोरी,
कुलूप येतं.
त्यांची पुस्तकं ती बघ, जिन्याखाली,
अजून दोरीतच.

गोळा कोपऱ्यात नेला.
हवा पंधरावर अडलेली,
गोळा मात्र चढत गेला. सतरा. अठरा.
साडेएकोणीस.
यंत्र बिघडलं म्हणून तारा हलवून पाहिल्या.
झामानकुल हसले. माझं मनगट धरून
तळवा भिंतीवर टेकवला.

भिंत ऊबदार होती.
पलीकडे उल्झानची भट्टी,
पहाटे चारपासून नान लावते.
"तीनला विझवते," एक पोरगी म्हणाली,
"मग आम्ही घरी."

रात्री अहवालात लिहिलं:
ट्यूब बदला. खिडकीच्या फटी बुजवा.
पूर्वेच्या भिंतीला कपाट लावू नका,
कुठल्याही कारणानं नको.
शून्यांचा तक्ता मात्र अजून जोडलेला नाही.
खोटा म्हणून जोडू,
की खोटा म्हणूनच जोडायचा?

दिवसभरात शेवटी पाहिलं ते हे:
तीन वाजून दहा. खुर्च्या सरकल्या.
झामानकुलांनी पुस्तक मिटलं,
आणि निघताना भिंतीला हात लावला,
दमून आलेल्या घोड्याच्या मानेला लावतात तसा.