साइड स्टँड

रजेच्या अर्जात कारण लिहिलं : घरगुती.
पहाटे पाचला गाडी काढली.
सिन्नरच्या दूधवाल्याकडून घेतलेली, सेकंडहँड,
कॅनचे आकडे अजून दोन्ही बाजूंना तसेच.
एकावर पिशवी, एकावर पाण्याचा कॅन,
रतीब घालायला निघाल्यासारखी
विल्होळी ओलांडली.

वाडीवऱ्हेला चहा.
टपरीवाल्यानं हेल्मेटमधून सुटलेली पांढरी बट पाहिली,
मग माझ्यामागं सीटवर कोणी आहे का ते पाहिलं.
"एकट्याच?"
म्हटलं, धरणं बघायला निघालेय.
"मे महिन्यात?"

मे महिन्यातच.
जुलैत सगळेच येतात, कणसं, भजी, ओल्या चपला.
तेव्हा धरणं पाहुण्यांसाठी नेसून बसलेली असतात.
आत्ता ती घरच्या कपड्यांत.
मुकणे पार खाली गेलेलं,
काठाला रेघांवर रेघा,
कुठल्या आठवड्यात किती उतरलं
ते मातीनं स्वतःच लिहून ठेवलेलं,
आमच्या ऑफिसातल्या रजिस्टरपेक्षा नीट.

घोटीनंतर हायवे सोडला.
बहावा फुललेला. करवंदं वाट्यावर, दहाला एक.
अकराच्या सुमारास टाकी अशी तापली
की गुडघे फाकवून चालवत राहिले.
कुणी बघत नव्हतं.
बघत असतं तरी
बावन्न वर्षं गुडघे जवळ घेऊनच बसलेय.

वैतरणेच्या अलीकडं कुठंतरी
नवा रस्ता काठाकाठानं वळसा घेतो.
जुना सरळ, डांबरासकट, पाण्याकडं उतरतो,
त्याला कुणी कळवलेलंच नसल्यासारखा.
मी जुना धरला.

मैलाचा दगड होता. आकडा गेलेला,
त्या जागी शिंपले.
मग डांबर संपलं, भेगाळलेला गाळ,
आणि गाळात, विश्वास बसू नये इतके हिरवे, काकडीचे वेल.
गाडी लावली. स्टँड जमिनीत रुतायला लागला.
जवळ एक चपटा दगड दिसला, तो सरकवला खाली,
गाडी उभी राहिली.

वेलांपलीकडून एक माणूस उठला.
"बाई, दारातनं या ना.
भिंतीतनं कशाला येता?"

मला भिंत दिसेना. दारही.
त्यानं बोट केलं :
एक उंबरा, वीतभर वर आलेला, बाकी सगळं आकाश.
मी वळसा घालून गेले,
बूट काढले (का, ते आजही सांगता येणार नाही),
उंबऱ्यावरून आत आले.
"बसा," तो म्हणाला. आणि मी बसले.

वाळू आघाण. काकडी सोलताना घर दाखवत होता.
हा गोठा. ही चूल.
इथं धाकट्या आत्याचं लग्न लागलं.
तुमची गाडी माजघरात आहे.
तो स्वतः धरणानंतरचा.
पण बाप दर उन्हाळ्यात इथं आणायचा,
खोल्या पाठ करून घ्यायचा.
एक चुकली की पुन्हा दारापासून.

मीठ त्याच्या खिशात होतं, कागदाच्या पुडीत.
काकडी शेवटाला कडू निघाली.
"एकट्याच?" असं त्यानं विचारलं नाही.
विचारलं, "पाणी परत येतंय तोवर ऱ्हाणार का?"
मग स्वतःच हसला.

निघताना दगड बाजूला केला
तेव्हा टाकीचे घाव दिसले त्याच्यावर, झिजलेले,
मधला भाग गुळगुळीत, जरासा खोलगट.
पाटा.
मी पदर नसताना पदर सावरल्यासारखा हात केला,
काहीतरी पुटपुटले.
"असू द्या," वाळू म्हणाला,
"गाळात उभं ऱ्हायला काहीतरी लागतंच."

त्र्यंबककडून परतले. सातपूरला सिग्नल,
घामेजलेला ट्रॅफिक, कुणाचातरी हॉर्न.
रात्री पार्किंगमध्ये पायानं स्टँड खाली ओढला.
खाली सिमेंट होतं, पक्कं.
तरी गाडी लगेच सोडवेना.
हँडल धरून थोडा वेळ उभी राहिले,
इथं कुणाचं काय होतं
ते विचारायला कोणी दिसतंय का बघत.