काई नाई

आंबिया बहार संपत आलेला.
वॅक्सिंगचं मशीन थांबलंय, पत्र्यावरून दव टपटपतंय.
थ्री फेज रात्री एकला आली
तसे बागांमधले पंप एकदम बोलायला लागले,
आणि मी पॅकहाउसात, पाय क्रेटवर टाकून,
तीन तासांपासून एकाच मेथडकडे पाहतेय.

काम तिचं साधं. क्रेटचा नंबर घ्यायचा, बाग सांगायची.
क्रेट विचारतो ढिगाला, तू कुठून आलास?
ढीग विचारतो ट्रॅक्टरच्या खेपेला,
खेप विचारते बागेला.
बाग म्हणजे बाग. तिच्यापुढे कोणाला विचारायचं नसतं.
नागपूरच्या बागवानाला जाणून घ्यायचंय,
चार हजार सतरा नंबरच्या क्रेटातला
इतका गोड माल कोणाचा.

मी नंबर दिला.
उत्तर आलं: नन.

शून्य आलं असतं तर समजले असते,
शून्याला हिशेबात जागा तरी असते.
एरर आली असती, लाल अक्षरांत शिव्या दिल्या असत्या,
तर ओळ धरून भांडले असते.
नन म्हणजे सगळं सुरळीत, फक्त हातात काही नाही.
दार उघडून, बसवून, पाणी देऊन
तसंच परत पाठवावं, तसं.

बागेलाच विचारलं तर बाग नाव सांगते.
म्हणजे माहीत आहे.
मग कोडभर प्रिंट पेरले,
धुऱ्यावर तुरीचे दाणे टाकावे तसे,
आणि पुन्हा चालवलं.
क्रेट.
ढीग सात.
खेप तीन.
बाग. उकंडराव सोनटक्के.
अगदी तळाशी नाव स्वच्छ उच्चारलेलं,
आणि त्याच्याच खाली, ढिम्म:
नन.

दोन वाजता आईचा फोन.
"काय झालं वं? अजून तिथंच?"
"काई नाई," म्हटलं, आणि ठेवला.

ठेवला, आणि हात फोनवरच राहिला.

आठ वर्षांची असेन.
आईनं ज्वारीची टोपली दाराशी ठेवून मला धाडलं,
कुसुमले इचारून ये, चक्की चालू हाय का.
कुसुम म्हणाली, थांब, दामूकाकाले इचारते.
दामूकाकानं सांगितलं, तिनं मला सांगितलं,
आणि मी परत निघाले, खरंच निघाले,
पण चिंचेखाली बिट्ट्यांचा डाव मांडलेला.
निरोप तोंडात होता. तोंडातच राहिला.
आईला हो नाही कळलं, नाही नाही कळलं.
दिवेलागणीपर्यंत टोपली दारात.

चौदावी ओळ.
मेथड स्वतःलाच हाक मारते, पुढच्याला विचारायला लावते,
उत्तर ऐकते,
आणि तिथंच बिट्ट्या खेळत बसते.
ओळीच्या तोंडाशी रिटर्न नव्हतं.
ज्यानं काहीच परत आणलं नाही
त्याच्या हातात पायथन गुपचूप नन ठेवतो,
तक्रार नाही, बोभाटा नाही.

सहा अक्षरं टाकली.
नाव बागेतून खेपेवर चढलं, खेपेतून ढिगात,
ढिगातून क्रेटात, क्रेटातून माझ्यापर्यंत.
उकंडराव सोनटक्के, गट नंबर एकशे बारा.
बाहेर पंप चालूच होते.

सकाळी आई तुरीच्या शेंगा सोलत बसलेली.
"रातच्याले काय झालं होतं?"
"काई..." म्हणता म्हणता थांबले.
बसले तिच्याजवळ, चार शेंगा घेतल्या,
सगळं सांगितलं, ढीग, खेप, चौदावी ओळ,
चक्कीचंही सांगून टाकलं.
तिनं नीट ऐकलं.
"म्हंजे खालच्यानं सांगतलं, मधल्यानं आयकलं,
अन् वर सांगतलंच नाई."
"हो."
"मंग त्यात कंपूटरचं काय? तुया मामाचं असंच हाय."

दाणे परातीत पडत राहिले.
मग मान वर न करताच तिनं विचारलं,
"अन् चक्की? चालू होती का वं तवा?"

"होती," म्हटलं. "पाचपर्यंत."