पान एकशे सत्तेचाळीस, दोनदा

विद्यार्थी कल्याण, खोली नऊ, सायकल स्टँडच्या मागे.
पाटीवरचा शेवटचा 'ण' कधीच उडालाय,
मुलं एकमेकांना सांगतात, कल्याबेनकडे जा.
माझं नाव वेगळं आहे.
एकवीस वर्षांत कुणी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

फी-माफीचे अर्ज पिवळे. हप्त्यांचे पांढरे.
दोरीनं बांधलेला एक कॅल्क्युलेटर,
तरी दोनदा चोरीला गेलेला, एकदा दोरीसकट.
बिस्किटांच्या डब्यात पॅड.
मुली डबा उघडताना मोठ्यानं म्हणतात,
"बेन, बिस्किट घेते हं,"
आणि शिपाई रमझानभाई
खिडकीबाहेर काहीतरी फार महत्त्वाचं बघत राहतात.

अर्जात 'कारण'पुढे दीड ओळ आहे.
दीड ओळीत माणसं काय काय बसवतात:
मकरपुऱ्यात बापाचा हात मशीनमध्ये गेला.
मामा भरीन म्हणाला होता, मामा फोन घेत नाही.
एकीनं लिहिलेलं, लग्न मोडलं, आता शिकते.
मी शेजारी पेन्सिलीनं लिहिते: आर्थिक.
समितीला 'आर्थिक' कळतं.

वेस्ता राठवा, कवांटचा, पहिलं वर्ष, रसायन.
त्याच्या दीड ओळीत तीनच शब्द:
ऊंघ आवती नथी.
कधीपासून, विचारलं.
त्यानं भिंतीवरच्या कॅलेंडरचं मागचं पान उलटलं,
त्याच्याही मागचं,
आणि बोट कुठेच ठेवलं नाही.
रात्री पुलावर जातो, म्हणाला, विश्वामित्रीत मगरी बघायला.
अंधारात दिसत नाहीत रे मगरी.
हो, म्हणाला. दिसत नाहीत.

याला पिवळा चालत नव्हता, पांढराही.
समुपदेशनाच्या सरैया मॅडम मंगळवारी, शुक्रवारी, अकरा ते एक.
आज बुधवार, साडेतीन.
फोन लावला. त्या भरुचला होत्या.
सकाळी पहिल्या गाडीनं येते, म्हणाल्या,
तोवर त्याला एकटं सोडू नका.

एकवीस वर्षं मी अर्ज जपलेत.
माणूस कसा जपतात, त्याचं परिपत्रक आलं नव्हतं.
टेबलावर नवं आवक-रजिस्टर होतं, कोरं.
म्हटलं, पानांना आकडे घाल, ऑडिटला लागतात.
तो बसला. एक. दोन. तीन.
टपोरे आकडे, पाटीवर काढल्यासारखे.

सहाला रमझानभाई कुलूप घेऊन आले,
आमच्याकडे पाहिलं,
कुलूप खिशात टाकलं
आणि सेवउसळ आणायला गेले, तिघांची.

शंभरानंतर तो थोडं बोलला.
घरी भिंतीवर घोडे आहेत, नवसाचे,
बाबांनी रंगवून घेतले, हा पास झाला तेव्हा.
हॉस्टेलात हे सांगितलं, तर मुलं रोज विचारतात,
आज कुठला घोडा आणलास?
मग पेन बराच वेळ थांबलं.
मी मान वर केली नाही. पिवळे अर्ज उगाच पुन्हा मोजले.
रमझानभाईंनी पंखा एकनं कमी केला.
चाळीस मिनिटं.
मग पुन्हा कागदाचा आवाज.

रात्री रेक्टरशी भांडून त्याची खाट हलवली
रमझानभाईंच्या भाच्याच्या खोलीत. भाचा रात्रभर अभ्यास करतो,
निदान तसं घरी सांगतो.
सकाळी सव्वानऊला मॅडम आल्या.
आत काय बोलणं झालं मला माहीत नाही.
दार बंद होतं, असायलाच हवं.

मार्चमध्ये ऑडिटवाला अडला:
पान एकशे सत्तेचाळीस दोनदा कसं? शेरा लिहा.
शेऱ्यालाही दीडच ओळ.
लिहिलं: या पानावर विद्यार्थ्याला झोप लागली.
त्यानं ते लाल शाईनं कापलं, वर लिहिलं, लेखनिकाची चूक.
मी सही केली.

वेस्ता अजून शुक्रवारी येतो.
मॅडमकडून निघाला की माझ्या दारात उभा राहतो,
मेसच्या डाळीची तक्रार सांगतो, पंधरा-पंधरा मिनिटं.
त्यासाठीही अर्ज आहे माझ्याकडे, निळा.
अजून दिलेला नाही.