पाकिटावर काय लिहायचं

मिरजेचा इलाही मुजावर, छापखानेवाला, विचारतो,
मागच्या बाजूला जागा मोकळी आहे, काय टाकू?
आजकाल सगळेच टाकतात.
हृदयाला उत्तम. साखर आटोक्यात.
तुमच्या भडंगात तर हळद आहे, कढीपत्ता आहे, शेंगदाणा आहे.
टाकू का, 'कर्करोगाला अटकाव'?
चौकटीत, हिरव्या अक्षरात.

म्हटलं, दोन दिवस थांब.

भाच्याला विचारलं. सन्मती कोल्हापुरात
खाण्यापिण्याचं शास्त्र शिकतो,
दिवाळीला आला की आमचे चुरमुरेसुद्धा तोलून बघतो.
म्हणाला, मामा, काचेच्या बशीत
हळदीतल्या पिवळ्यानं पेशी थोपवल्यात, हे खरं.
उंदरांतही, काही ठिकाणी.
माणसाचं अजून 'शक्यता आहे' एवढंच.
आणि खाल्लेली हळद बरीचशी
अंगाला न लागताच निघून जाते.
मग जरा थांबून,
आईला नका सांगू हे शेवटचं.

त्याची आई म्हणजे माझी चंपाक्का.
मिरजेत तिसरा मजला, खिडकीकडची कॉट,
चौथी सलाईन.
पाणीसुद्धा खिळा चघळल्यागत लागतंय, म्हणते.
भेटायला येणारा प्रत्येकजण एक औषध ठेवून जातो:
गव्हाच्या अंकुरांचा रस, लक्ष्मणफळ,
लसणाच्या सात पाकळ्या अनशापोटी.
लसणाला अक्का हसली.
बावन्न वर्षं शिवले न्हाई त्याला,
आता पाया पडू व्हय?

आमच्या भट्टीवर म्हणूनच दोन कढया.
एक गावासाठी, लसूण तांबूस तळून.
दुसरी लहान, नुसती हळद, हिंग, कढीपत्ता.
गिऱ्हाईक तिला 'अक्काची कढई' म्हणतं,
आणि का म्हणतं ते विसरलंय.

वडील हरिपूरला हळदीच्या पेवांवर होते.
पेव उघडलं की आधी दोरीनं कंदील सोडायचे.
ज्योत राहिली तर माणूस उतरायचा,
विझली तर काठावर बसायचं, हवा आत जाईपर्यंत.
अक्का नऊ वर्षांची, पोटावर पालथी,
परकर हळदीनं माखलेला,
काळोखात डोळे लावून ओरडायची:
हाय! हाय अजून!
मी मागून तिचे पाय धरायचो.
तेवढंच माझं काम.

गुरुवारी तिच्या कढईतलं मूठभर कागदात बांधून नेलं.
डॉक्टरीणबाई म्हणाल्या, द्या, तिखट बेतानं,
खावंसं वाटतंय हेच पुष्कळ.
तोंड आतून सोललेलं.
चावता येईना, म्हणून एक चुरमुरा
तिनं जिभेवर नुसता ठेवला
आणि डोळे मिटून बसली.
शेजारच्या कॉटवरची बाई, विट्याची,
चमचा हातात धरून बघत राहिली.
चुरमुरा मऊ व्हायला किती वेळ लागतो
हे तीस वर्षं धंदा करून मला ठाऊक नव्हतं.

चव हाय का, अक्का?

बराच वेळ काही नाही. खाली रिक्षांचा गोंगाट.
मग बोटाला लागलेली हळद बघत म्हणाली,
हाय.
जरा.
मीठ कमी घातलंस.

परतताना छापखान्यात गेलो.
इलाहीनं चौकट जुळवून ठेवली होती, हिरवी, छान.
म्हटलं, काढ ती.
तो म्हणाला, खप वाढला असता.
वाढला असता. आणि तिसऱ्या मजल्यावर कुणीतरी
दुखऱ्या तोंडानं ती अक्षरं वाचली असती.

मागच्या बाजूला आता एवढंच आहे:
चुरमुरे, शेंगदाणे, कढीपत्ता, हळद, हिंग, मिरची, तेल, साखर, मीठ.
कोरड्या जागी ठेवावे.
उरलेली जागा कोरी.

मीठ मात्र त्या दिवसापासून
चिमूटभर जास्त घालतो, लहान कढईत.
पुढची सलाईन सोमवारी.