थेंबातली हजेरी

सकाळचे सात. बाहेर उणे अठरा.
हेल्वे टाकीच्या कडेला उभी राहून
लांब दांड्याचा डबा खाली सोडते.
कॉफीच्या गाळासारखं पाणी,
त्यावर वाफ, आणि वाफेत शिरता शिरता
नाहीसा होणारा बर्फ.
वास? तो तिला तीस वर्षांत येत नाही.
बसमध्ये शेजारच्यांना येतो का,
हे तिनं कुणाला विचारलेलं नाही.

नदीचं नाव एमायोगी.
मराठी कानाला त्यात आधी माय ऐकू येते
आणि मागोमाग एखादा योगी.
त्यांच्या भाषेत एमा म्हणजे आईच,
पण योगी म्हणजे नदी.
नुसती नदी.

तिला आई म्हणत म्हणतच
गाव सगळं तिच्या पदरात टाकत होतं.
हेल्वेच्या बापानं धरलेल्या माशाला
रॉकेलचा वास यायचा.
तरी तो तळायचा, तरी ते खायचे,
कांदा जास्त घालून.

काचेच्या पट्टीवर एक थेंब. डोळा भिंगाला.
आता हजेरी.
देठावरच्या घंटा: आहेत, माना डोलावताहेत.
तोंडापाशी चक्र फिरवणारे: तीन. चौथा आळसावलाय.
आठ पायांचं ते अस्वल,
मोहरीच्या दाण्यापुढेही कस्पटासारखं,
सोमवारपासून गैरहजर.
ती वहीत पेन्सिलीनं टिपते.
पेन गारठतं इथं.

हे तिचे कामगार.
गावानं जे टाकलं तेच त्यांचं ताट.
नवा पंप बसला तेव्हा नगराध्यक्षांनी फीत कापली,
फोटोत पंप आला, फीत आली,
हेल्वेची अर्धी बाही आली.

गुरुवारी घंटा मिटलेल्या होत्या.
सगळ्या. देठ आखडून,
दारावर अपरात्री थाप पडल्यावर
घर गप्प होतं तशा.
टाकीवर पांढरा फेस, आंबूस.
तो वास मात्र तिला आला.

फोन चीजच्या कारखान्यात. पलीकडे आर्वो,
शाळेत तिच्या मागच्या बाकावरचा.
'निवळी सोडलीस?'
'थोडीशी.'
'थोडीशी म्हणजे किती, आर्वो?'
यंत्रांची घरघर. मग,
'टाकीभर. रात्री. भरून वाहायला लागली होती.'

ती ओरडली नाही. ओरडून अमोनिया उतरत नाही.
झडप फिरवली, नवं पाणी पावसाच्या टाकीकडे वळवलं,
हवेचे पंप सगळे पुरे सोडले
(विजेच्या बिलावर पुढच्या महिन्यात सभा होईल,
तेव्हाचं तेव्हा),
आणि खुर्चीतच झोपली, बूट न काढता,
एक रात्र, दुसरी, तिसरीही.

रविवारी एक घंटा उघडली.
वाजली नाही अर्थात.
हेल्वेनं वहीत लिहिलं: एक.
खोडरबर शोधलं, सापडलं नाही,
बरंच झालं.

नदी काठापासून काठापर्यंत गोठलेली.
फक्त जिथं हिचं पाणी तिला मिळतं
तिथं एक काळी, उघडी फट,
फटीत बदकं, गावातली झाडून सगळी.
दुपारी तिथं आर्वो आला. टोपी हातात,
कागदात गुंडाळलेला चीजचा तुकडा.
बराच वेळ बदकांकडेच बघत राहिला.
'घेतेस?'

तिनं हातमोजा काढला, कागद उलगडला,
तुकडा नाकाशी नेला,
आणि विचारलं,
'कांदा आणलायस का?'